ऐकून सांगणारा माणूस

29 मार्च 2024 रोजी ‘डायमंड ज्युबिली’ नावाचा अल्बम बाहेर आला. 32 गाणी, दोन तासांचा ऐवज. तो करणारे पॅट्रिक फ्लेगेल हे कॅनडातले संगीतकार. ‘सिंडी ली’ या नावाने ते गातात. हा अल्बम स्पॉटिफायवर नव्हता, ॲपल म्युझिकवरही नव्हता. यूट्यूबवर सगळी गाणी सलग एकाच व्हिडिओत होती आणि जुन्या धाटणीच्या एका साध्या संकेतस्थळावरून फाइली उतरवून घेता येत होत्या. मोठी कंपनी नाही, जाहिरात नाही. दोन आठवड्यांनी ‘पिचफोर्क’ या अमेरिकी संगीत-नियतकालिकात त्याचे परीक्षण आले. दहापैकी 9.1 गुण मिळाले आणि जगभरच्या रसिकांनी हा अल्बम शोधून काढून ऐकायला सुरुवात केली. वर्ष संपताना उत्तम अल्बमच्या अनेक याद्यांत त्याचे नाव होते.

एका माणसाने अल्बम पूर्ण ऐकला, त्यावर नीट लिहिले आणि ते वाचून हजारो लोक त्याकडे वळले. पूर्वी ही रोजची गोष्ट होती. आज ती बातमी ठरते. असे का झाले हे समजून घ्यायचे, तर स्वतंत्र कलावंताचा अल्बम श्रोत्यापर्यंत कोणत्या वाटेने पोहोचतो ते पाहावे लागेल.

‘स्वतंत्र’ किंवा ‘इंडी’ हा संगीताचा प्रकार नाही. रॅप असो, रॉक असो, अभंग असो की ख्याल, ध्वनिमुद्रणाचा खर्च कलावंताने स्वतः किंवा एखाद्या छोट्या संस्थेने केला आणि मालकीही त्यांच्याकडेच राहिली, तर ते संगीत स्वतंत्र. आपल्याकडे चित्रपटगीतांचा पसारा इतका मोठा आहे की त्याबाहेरच्या संगीताला दुकानात, रेडिओवर आणि दूरचित्रवाणीवर कायम कोपऱ्यातली जागा मिळाली. दिल्लीच्या ‘इंडियन ओशन’ या बँडने 2010 मध्ये यावर स्वतःचा मार्ग काढला. ‘16/330 खजूर रोड’ हा अल्बम त्यांनी महिन्याला एक गाणे याप्रमाणे इंटरनेटवर चक्क फुकट दिला. अल्बमचे नाव म्हणजे करोल बागेतल्या ज्या जुन्या घरात ते सराव करत त्याचा पत्ता. या बँडचे तबलावादक आणि गायक असीम चक्रवर्ती 2009 च्या डिसेंबरात गेले होते. त्यांचा आवाज या गाण्यांत आहे. कंपनीशी करार करण्यापेक्षा गाणी लोकांपर्यंत पोहोचलेली बरी, मैफलींतून पोट भरेल, असा त्यामागचा हिशेब होता.

आज पोहोचवणे सोपे झाले आहे. कलावंत वितरक कंपनीला वर्षाची ठरावीक रक्कम देतो, प्रत्येक गाण्याला ओळख-क्रमांक मिळतो आणि काही दिवसांत ते गाणे सगळ्या स्ट्रीमिंग सेवांवर दिसू लागते. स्ट्रीमिंग म्हणजे गाणे विकत न घेता इंटरनेटवरून हवे तेव्हा ऐकणे. म्हणजे दार सर्वांना उघडे आहे. अडचण दारातून आत गेल्यावर सुरू होते.

आधी पैसा कोणत्या वाटेने जातो ते पाहू. बहुतेक सेवांवर सगळ्या वर्गणीदारांचे आणि जाहिरातींचे पैसे एका सामाईक गल्ल्यात जमा होतात. स्पॉटिफायच्या सांगण्यानुसार त्यातला सुमारे दोन तृतीयांश भाग हक्कधारकांना जातो. तो वाटला जातो एकूण ऐकण्यातल्या वाट्यानुसार. समजा, एखादीने महिन्याला 100 रुपये भरले आणि महिनाभर फक्त एका पुणेरी बँडचा अल्बम ऐकला. तिचे पैसे त्या बँडकडे जात नाहीत. ते गल्ल्यात पडतात, आणि त्या महिन्यात देशभर जे सर्वाधिक वाजले त्याच्याकडे त्यातला मोठा भाग वळतो. वर्गणीदाराचे पैसे त्याने ऐकलेल्या कलावंतांनाच द्यायचे, अशी पद्धत ‘साउंडक्लाउड’ने 2021 मध्ये स्वतंत्र कलावंतांसाठी सुरू केली, मोठ्या सेवांचा मुख्य हिशेब मात्र गल्ल्याचाच राहिला.

मोजणीचे माप गाणे हे आहे, अल्बम नाही. स्पॉटिफायवर 30 सेकंद ऐकले की एक वेळ ऐकल्याची नोंद होते. दोन मिनिटांच्या गाण्याला जी नोंद, तीच वीस मिनिटांच्या विलंबित ख्यालाला. शिवाय 2024 पासून तिथे मागच्या बारा महिन्यांत 1000 वेळा न ऐकल्या गेलेल्या गाण्याला ध्वनिमुद्रणाचा मोबदलाच मिळत नाही. दहा गाण्यांच्या अल्बममध्ये दोन गाणी चालली आणि आठ मागे राहिली, तर त्या आठांचे मोल शून्य. साहजिकच संगीतकार अल्बमऐवजी सुटी गाणी काढू लागतो, मुखडा पहिल्या काही सेकंदांत आणतो आणि सुरुवातीची लांब आलापी कापतो. कलावंताला यात दोष देता येणार नाही. बाजाराने जे माप लावले, त्या मापाचे कापड तो विणतो.

दुसरी वाट शिफारशीची. स्पॉटिफायच्या संपादकांकडे प्लेलिस्टसाठी, म्हणजे निवडक गाण्यांच्या मालिकेसाठी, कलावंताला आपले संगीत सुचवता येते. पण नव्या अल्बममधले एका वेळी एकच गाणे, आणि तेही प्रसिद्ध होण्यापूर्वी. दोन वर्षे खपून बांधलेल्या अल्बमचा चेहरा म्हणून कोणते गाणे पुढे करायचे, हे त्याने आधीच ठरवायचे. उरलेली शिफारस संगणक करतो. तुम्ही आधी काय ऐकले, कुठे गाणे बदलले आणि तुमच्यासारख्या इतरांनी काय ऐकले, यावरून तो पुढचे गाणे लावतो. 2020 मध्ये स्पॉटिफायने आणखी एक सोय आणली: या यंत्राने आपले गाणे अधिक वेळा लावावे असे वाटत असेल, तर तशा ऐकण्यातून येणाऱ्या मोबदल्यातला 30 टक्के भाग सोडायचा. संगणकाची शिफारस निरुपयोगी नसते. तिच्यामुळे अनेकांना चांगली गाणी सापडली आहेत. पण ती कारण सांगत नाही. अमुक गाणे का ऐकावे, त्यात नवे काय, कुठे ते फसले, हे तिला सांगता येत नाही, कारण तिने ते ऐकलेलेच नसते.

हे काम परीक्षणकर्ता करत असे. 2005 मध्ये ‘क्लॅप युवर हँड्स से येआ’ या बँडने आपला पहिला अल्बम स्वतःच काढला आणि सीडी स्वतःच पाकिटात भरून पाठवल्या. पिचफोर्कने 9.0 गुण देताच मागणी इतकी वाढली की त्यांना ती पुरवताना नाकी नऊ आले. पण ही सत्ता दुधारी होती. आदल्याच वर्षी ट्रॅव्हिस मॉरिसन यांच्या ‘ट्रॅव्हिस्तान’ या अल्बमला त्याच नियतकालिकाने 0.0 दिले होते. महाविद्यालयीन रेडिओ केंद्रांनी त्याकडे पाठ फिरवली, असे त्यांच्या ध्वनिमुद्रिका कंपनीने पुढे सांगितले. एका शून्याने अल्बम मारला. त्या परीक्षणातल्या युक्तिवादाची आठवण आज कुणाला नाही, आकडा मात्र सर्वांच्या लक्षात आहे. गुण देण्याच्या पद्धतीतला धोका यापेक्षा वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

अशा लेखनाची जागा आता आक्रसत चालली आहे. जानेवारी 2024 मध्ये पिचफोर्क त्याच्या मालक कंपनीने ‘जीक्यू’ या पुरुषांच्या मासिकात विलीन केले आणि अनेक संपादकांना घरी पाठवले. त्याआधी 2023 मध्ये ‘बँडकॅम्प’ दीडेक वर्षात दुसऱ्यांदा विकले गेले आणि निम्म्या लोकांच्या नोकऱ्या गेल्या. बँडकॅम्प ही स्वतंत्र कलावंतांची लाडकी पेठ. तिथे श्रोता अल्बम विकत घेतो, दुकानदार डिजिटल विक्रीतले साधारण 15 टक्के ठेवतो आणि बाकीचे बहुतेक पैसे कलावंताला जातात. तिथल्या लेखनविभागात इथिओपियन जॅझपासून घरगुती इलेक्ट्रॉनिक संगीतापर्यंत सगळ्यांवर आस्थेने लिहिले जाते. विक्री आणि परीक्षण एका छपराखाली असल्याने वाचक वाचता वाचता विकत घेतो. म्हणून त्या नोकरकपातीने संगीतकारही धास्तावले.

भारतात हे छप्पर आधीपासूनच लहान. अमित सैगल यांनी 1993 मध्ये अलाहाबादहून ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ सुरू केले, तेव्हा शिलाँगच्या बँडला मुंबईतल्या बँडची खबर त्या पानांतून मिळे. अलीकडे इंग्रजी नियतकालिकांनी काही काळ हे काम केले. प्रभदीप या तरुणाचा ‘क्लास-सिख’ हा पंजाबी रॅप अल्बम 2017 मध्ये ‘आझादी रेकॉर्ड्स’ या नव्या संस्थेने काढला. पश्चिम दिल्लीतल्या टिळकनगरच्या गल्ल्यांमधले जगणे, सेझ ऑन द बीट या संगीत-निर्मात्याने रचलेला मोकळा, गडद ठेका, त्यावर थांबून थांबून पडणारे शब्द. पंजाबी न येणाऱ्यांनीही हा अल्बम ऐकला, याचे मोठे श्रेय त्यावर लिहिणाऱ्यांना आहे; गल्ली, भाषा आणि ठेका यांचे नाते त्यांनी उलगडून दाखवले.

मराठीला तर या विद्येची परंपरा आहे. केशवराव भोळे ‘एकलव्य’ या टोपणनावाने गायकांवर लिहीत. गाणाऱ्याचा श्वास कुठे तुटतो, लय कुठे ढिली पडते, हे ते नाव घेऊन सांगत, आणि ते स्वतः गाणारे, चाली बांधणारे असल्याने त्या सांगण्याला वजन होते. वामनराव देशपांडे पेशाने चार्टर्ड अकाउंटंट. त्यांनी 1961 मध्ये ‘घरंदाज गायकी’ लिहून घराण्याघराण्यांतला फरक सामान्य वाचकाला कळेल अशा भाषेत मांडला. हे पुस्तक वाचून मैफलीत बसणाऱ्याला त्याच गाण्यात अधिक ऐकू येऊ लागते. परीक्षणाचे याहून मोठे यश कोणते?

आज मराठीत चित्रपटाबाहेरचे नवे संगीत नाही असे नाही. मुंबईच्या ‘स्वदेशी’ या रॅप-समूहाने 2019 मध्ये ‘द वारली रिव्होल्ट’ हे गाणे मुंबईतल्याच आरेच्या जंगलाच्या बचावासाठी केले. आरेतले आदिवासी कार्यकर्ते आणि गायक प्रकाश भोईर त्यात सहभागी होते. क्रेटेक्स आणि श्रेयस यांचे ‘तांबडी चामडी’ 2024 मध्ये मराठी न समजणाऱ्यांनीही नाचण्यासाठी लावले. दोन्ही सुटी गाणी आहेत, अल्बम नाहीत, हा योगायोग नव्हे. पण अल्बम आला तरी मराठी वृत्तपत्रात त्याचे काय होते? मान्यवरांच्या हस्ते प्रकाशन, हातात सीडी किंवा फलक धरलेल्या सात जणांचा फोटो आणि निर्मात्याने पाठवलेला मजकूर. गाणी ऐकली गेली की नाही, याचा त्या बातमीत मागमूस नसतो.

आमच्या मते ही पद्धत कलावंताचा अपमान आहे, जरी ती कौतुकाच्या वेषात येत असली तरी. नवोदित आहे म्हणून पाठ थोपटायची आणि ऐकायचे नाही, यात आदर कुठला? स्वतंत्र अल्बमवर लिहिणाऱ्याने तो आधी सलग ऐकावा, कलावंताने लावलेल्या क्रमाने, निदान दोनदा. मग वाचकाला हाताला लागेल असे काही सांगावे: तिसऱ्या गाण्यात पखवाज इतका मागे ठेवला आहे की अभंगाचा कणाच हरवतो, पाचव्या गाण्यात गायिका वरच्या षड्जावर जाण्याऐवजी मुद्दाम अलीकडे थांबते आणि तिथेच शब्द उमटतो. असे एक वाक्य कलावंताला शंभर शुभेच्छांपेक्षा उपयोगाचे असते, कारण पुढच्या ध्वनिमुद्रणात त्याला ते वापरता येते. दोष दाखवावा, तो कारणासह. गुणांचे आकडे देऊ नयेत.

यावर एक रास्त आक्षेप आहे. गाणे आता प्रत्येकाच्या खिशात आहे, मग मध्यस्थ कशाला? सीडी विकत घ्यायची होती तेव्हा पैसे वाया जाऊ नयेत म्हणून परीक्षण वाचले जाई, ही गोष्ट खरी. आता पैसे वाचवायचे नाहीत, पण वेळ तेवढाच आहे, आणि रोज येणाऱ्या संगीताचा ढीग कोणत्याही एका माणसाच्या आवाक्यापलीकडे गेला आहे. त्या ढिगातून काय उचलायचे हे कुणीतरी ठरवणारच. ते केवळ 30 सेकंदांच्या हिशेबावर ठरावे की ऐकणाऱ्या, नावानिशी उत्तरदायी असणाऱ्या माणसाच्या मतावरही, एवढाच प्रश्न उरतो. मत चुकीचे असेल तर त्या माणसाशी भांडता येते. यंत्राशी भांडायची सोय नाही.

मराठी दैनिकांच्या रविवार पुरवण्यांत पुस्तक-परीक्षणाला जागा आहे, चित्रपटाला तर दर आठवड्याला आहे. त्याच पानावर पंधरवड्यातून एकदा स्वतंत्र कलावंताच्या एका अल्बमला चारशे शब्द द्यावेत, अशी संपादकांना आमची विनंती आहे. शाहिरी, रॅप, नाट्यसंगीत, रॉक, यांपैकी कशालाही पंक्तीबाहेर ठेवू नये. आणि वाचकांना विनंती अशी: या आठवड्यात आपल्या गावातल्या, आपल्या भाषेतल्या एका कलावंताचा अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत, मधले काही न वगळता ऐका. आवडला तर तो विकत घ्या. आवडला नाही तर का नाही, ते दोन ओळींत त्याला लिहून कळवा.