आधी ब्रेक, मग इंजिन

ब्रिटनच्या ट्रायम्फ कंपनीची 'स्पिटफायर' ही स्पोर्ट्स कार १९६२ साली आली, ती 'हेराल्ड'च्याच आखूड केलेल्या चॅसीवर. ही हेराल्ड १९६१ पासून मद्रासजवळ 'स्टँडर्ड हेराल्ड' या नावाने तयार होत असे.

चेन्नईच्या खाऱ्या हवेत वर्षानुवर्षे झाकून ठेवलेली अशी गाडी बाहेर काढली, की घरच्यांना किल्ली फिरवायची घाई होते. जाणकार मेकॅनिक मात्र आधी टाकीतले जुने पेट्रोल काढतो, प्लगच्या भोकांतून थोडे तेल सोडतो आणि इंजिन हाताने फिरवून पाहतो.

ब्रेकचे काय? ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. त्यामुळे ब्रेकचे सिलिंडर आतून गंजतात, रबरी भागही निकामी होतात. ते बदलल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर काढू नये. इंजिन सुरू झाले नाही, तर गाडी घरीच राहते; ब्रेक लागला नाही, तर जिवावर बेतते.