सरळ रेषेचे अंतर

दोन गावांमधील हवाई अंतर म्हणजे पृथ्वीच्या पाठीवर त्यांना जोडणाऱ्या सर्वांत आखूड रेषेची लांबी. ते मोजणे सोपे. पण त्यावर विसंबून प्रवासाचा बेत आखणे धोक्याचे. महाराष्ट्राबाहेर संसार थाटलेल्या आपणा सर्वांना हा भेद ठाऊक असावयास हवा.

सुरतेच्या दक्षिणेस लोहमार्गावर वसलेले सचिन घेऊ. १७९१ साली पेशव्यांशी झालेल्या तहानंतर सिद्दी अब्दुल करीम खान यांनी जंजिऱ्यावरील हक्क सोडला व त्याच्या मोबदल्यात त्यांना सचिनचे संस्थान मिळाले. ते १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन झाले. इतिहासाने जोडलेली ही दोन स्थळे भूगोलानेही एका सरळ रेषेत आणली आहेत. दोन्ही जवळजवळ एकाच रेखावृत्तावर असून त्यांच्या अक्षांशांतील फरक पावणेतीन अंशांहून किंचित अधिक आहे. अंशामागे १११ किलोमीटर धरल्यास हवाई अंतर सुमारे ३१० किलोमीटर भरते. प्रत्यक्षात मात्र मुंबईपर्यंत आगगाडीने अडीचशे, पुढे खाड्या व डोंगर यांना वळसे घालीत मुरूडपर्यंत रस्त्याने आणखी सुमारे दीडशे किलोमीटर जावे लागते. आणि किल्ल्यात पाऊल ठेवावयाचे तर राजपुरीहून होडी.

पूर्वेकडे निराळेच चित्र दिसते. सचिनजवळच्या उधन्याहून जळगाव सरळ रेषेत सुमारे २८० किलोमीटर आहे. लोहमार्गाने ते तीनशेच्या थोडे वर जाते, एवढेच. रूळ रेषेची साथ फारशी सोडीत नाहीत. सुरतेच्या कापड धंद्यात आलेल्या खानदेशी कुटुंबांचे गावाशी येणे-जाणे टिकून राहिले, त्यात या मार्गाचा वाटा मोठा आहे, असे आम्हांस वाटते.

पश्चिमेस भावनगर हवाई मार्गाने शंभर किलोमीटरही नाही. पण मध्ये खंबायतचे आखात असल्याने रस्ता सुमारे ३७० किलोमीटरांचा होतो. नोव्हेंबर २०२० मध्ये हजिरा–घोघा जलवाहतूक सुरू झाली, तेव्हा हाच पल्ला सुमारे ९० किलोमीटरांवर आला. गावे जागची हलली नाहीत, वाट बदलली.

कॅनडाच्या उत्तर टोकाकडील नुनावुत प्रदेशात इकालुइट व पांगनिर्टुंग ही दोन वस्तीस्थाने एकमेकांपासून सुमारे ३०० किलोमीटरांवर, म्हणजे सचिन–जंजिऱ्याइतकीच दूर आहेत. त्यांना जोडणारा रस्ताच नाही. तेथील माणसाला विमानाखेरीज फारसा पर्याय नसतो. हवाई अंतर हेच त्याचे खरे अंतर. आपल्याकडे तसे नाही. आपले अंतर गाडी बदलण्यात, शेवटची एस. टी. चुकण्यात आणि फाट्यावर वाट पाहण्यात वाढते.

म्हणून प्रत्येक घराने आपल्या मूळ गावाचे अंतर एकदा तासांत मोजून ठेवावे. कोणती गाडी, कोठे उतरावयाचे, पुढे वाहन किती वाजेपर्यंत मिळते, हे कागदावर लिहून मुलांनाही दाखवावे. गावाकडून वडीलधाऱ्यांच्या आजारपणाची किंवा त्याहूनही वाईट वार्ता येते, तेव्हा तिकडची मंडळी एकच प्रश्न विचारतात : ‘‘केव्हा पोहोचाल?’’ अंत्यदर्शनासाठी थांबावयाचे की नाही, हे त्या उत्तरावर ठरते. तेथे किलोमीटर सांगून भागत नाही.