टाको स्वस्तच का हवा?

कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनो शहरात, जुन्या रूट 66 महामार्गावर, 'मिटला कॅफे' 1937 पासून उभा आहे. लुसिया रॉड्रिगेझ यांनी तो सुरू केला, आजही तो घरच्यांच्याच हातात आहे. तळून कुरकुरीत केलेल्या मक्याच्या टॉर्टियात खिमा, लेट्युस, टोमॅटो आणि वर चेडर चीजचा भरघोस कीस, हा तिथला टाको. समोरच ग्लेन बेल नावाच्या तरुणाची बर्गरची टपरी होती. मिटलातली गर्दी त्याच्या डोळ्यांत भरली. तो तिथे जेवायला जाऊ लागला, टाको कसा करतात ते शिकला आणि स्वतःच विकू लागला. 1962 मध्ये त्याने 'टाको बेल' काढलं, 1978 मध्ये ते पेप्सीकोने विकत घेतलं.

याला चोरी म्हणावं की धंदा, यावर अजून वाद घालता येतो. पण टाको बेलसारख्या साखळी हॉटेलांनी गिऱ्हाइकाला लावलेली सवय जास्त नडते: टाको म्हणजे चिल्लर पैशांत मिळणारी वस्तू!

अमेरिकेत फ्रेंच किंवा जपानी हॉटेलातलं जाडजूड बिल लोक मुकाट्याने भरतात. कोपऱ्यावरच्या मेक्सिकन हॉटेलात मात्र चिप्स आणि साल्सा फुकट हवेत, टोपली रिकामी झाली की पुन्हा भरून हवी, आणि टाको डॉलरभर महागला की लगेच कुरकुर. खाद्यसंस्कृतीचे अभ्यासक कृष्णेंदु राय यांनी 'द एथ्निक रेस्टोरेटर' (2016) या पुस्तकात ही उतरंड नेमकी दाखवली आहे. ज्या समाजाला गरीब स्थलांतरितांचा मानलं जातं, त्याच्या जेवणालाही कमीच भाव मिळतो. भारतीय जेवणाचीही त्यातून सुटका नाही.

आता जरा स्वयंपाकघरात डोकवा. चांगल्या ठिकाणी मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात उकळून रात्रभर तसेच ठेवतात. सकाळी चोळून, धुऊन सालं काढतात आणि ओले दाणे दळून 'मासा' म्हणजे पीठ करतात. त्याचा गोळा दाबून तापल्या तव्यावर टाकला, उलटला, की टॉर्टिया फुलक्यासारखी टम्म फुगते. चुन्यामुळे मक्यातलं नायसिन जीवनसत्त्व अंगी लागतं. युरोपने मका नेला, ही रीत नेली नाही. इटलीत मक्यावरच जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा या नायसिनच्या कमतरतेच्या रोगाने गाठलं. एवढं ज्ञान आणि एवढे कष्ट ज्या टॉर्टियात आहेत, ती पाकिटातल्या टॉर्टियाच्या भावात कशी मिळावी?

शिवाय अशी हॉटेलं वस्तीचा आधारही असतात. सॅन बर्नार्डिनोच्या सार्वजनिक तरणतलावातल्या भेदभावाविरुद्ध मेक्सिकन-अमेरिकन कुटुंबं लढायला उठली, तेव्हा त्यांच्या बैठका मिटला कॅफेत होत. 1944 मध्ये फेडरल न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला.

अमेरिकेतल्या मराठी मंडळींनाही ही हॉटेलं जवळची. बीन्स, भात, ग्वाकामोले, मिरचीचा ठसका. विचारून घेतलं तर शाकाहारी माणसाचं भागतं. मक्याशी आपलं एक जुनं नातंही आहे: वर्ध्याचे क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे मेक्सिकोत चापिंगोच्या कृषिशाळेत शिकवत, मक्यावर संशोधन करत. मेक्सिकन चित्रकार दिएगो रिवेराने त्यांना भित्तिचित्रात रंगवलं आहे.

तेव्हा पुढच्या वेळी अशा हॉटेलात बसाल तेव्हा चार प्रश्न जरूर विचारा. बीन्समध्ये डुकराची चरबी आहे का, भात कोंबडीच्या पाण्यात शिजवलाय का, टॉर्टिया इथेच करता का, मका इथेच भिजवता का? शेवटच्या दोन प्रश्नांचं उत्तर 'हो' आलं, तर दोन डॉलर जास्त मोजा, टिपेत हात आखडू नका, आणि चिप्सची दुसरी टोपली फुकट मागू नका.