गुलाबी कुणाचा, हिरवा कुणाचा?

नातवाच्या बारशाची खरेदी करायला परवा बावधनमधल्याच एका दुकानात गेलो. झबलं मागितलं, तर दुकानदाराचा पहिला प्रश्न, "काका, मुलगा की मुलगी?" मुलगा म्हटल्यावर त्याने गुलाबी गठ्ठा आत सारला आणि निळा पुढे केला. मी गुलाबीच मागितला. "लोक हसतील हो," तो म्हणाला.

बाहेर आलो तर समोर एका लग्नाचं वऱ्हाड उभं. नवरदेव, मामा, काका, झाडून सारे गुलाबी फेटे बांधलेले! त्यांना मात्र कुणी हसत नव्हतं.

मग मुलींचा गुलाबी आला कुठून? १९१८ साली अमेरिकेतल्या 'अर्नशॉज इन्फंट्स डिपार्टमेंट' या कपडे व्यापाऱ्यांच्या मासिकाने नेमका उलटा नियम सांगितला होता: गुलाबी ठाम रंग म्हणून तो मुलग्यांना, निळा नाजूक म्हणून तो मुलींना. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या बाजारात पारडं फिरलं. भावाचं झबलं बहिणीला चाललं नाही, की दुकानदाराची विक्री दुप्पट. तो हिशेब आता आपल्या घरातही आला आहे.

पण सगळा दोष बाजाराला देऊन आपण सुटत नाही. आपल्याकडे स्त्रीचे रंग तिच्या नवऱ्याच्या आयुष्याला बांधलेले होते. सुवासिनीला हिरवा चुडा, लाल कुंकू. नवरा गेला की चुडा फुटे, कुंकू पुसलं जाई. ब्राह्मण घरांत केशवपन केलेल्या विधवेला तांबडं आलवण नेसावं लागे. म्हणजे कपाळावरचा लाल मंगल आणि अंगावरचा तांबडा अमंगल! रंगात काही नसतं, तो नेमून देणाऱ्याच्या मनात असतं. विधुराच्या फेट्याला असा नियम कुणी लावल्याचं मी ऐकलेलं नाही.

महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी विधवांसाठी १८९६ मध्ये आश्रम काढला आणि १९०० मध्ये तो हिंगण्याला नेला. बावधनपासून हिंगणे काही लांब नाही. तरीही बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं बंद करण्याचा ठराव शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीला मे २०२२ मध्ये करावा लागला. त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर गावांनाही तो कित्ता गिरवायला सांगितलं.

पुढे २०२४ मध्ये महिलांसाठी गुलाबी ई-रिक्षांची योजना आली. विधानसभा निवडणुकीत अजित पवारांचं गुलाबी जाकीटही गाजलं. रिक्षा मिळून बाईच्या हाती चार पैसे येणार असतील, तर आनंदच आहे. पण तिचा रंग याही वेळी दुसऱ्यानेच ठरवला, एवढं ध्यानात ठेवावं.

हे सारं मनात घोळायला कारण आहे. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. आमच्या बाळाची आत्या म्हणजे माझी लेक. दोन वर्षांपूर्वी जावई गेले. "नाव दुसऱ्या कुणीतरी ठेवावं का?" असं नात्यातल्या एका बाईंनी हळूच सुचवलं.

मी म्हटलं, नाव तीच ठेवील. ती कोणत्या रंगाची साडी नेसणार, हे मात्र मी विचारलेलं नाही. ते तिचं तिने ठरवायचं.