बिल कमी, ताप जास्त

ऑफिसमध्ये एसी 22 वर ठेवायचा की 25 वर, यावरून तुमच्याकडेही रोज छोटंसं महायुद्ध होतच असेल. एकीला शाल लागते, दुसऱ्याला घाम फुटतो आणि अ‍ॅडमिनवाला रिमोट खिशात टाकून गायब! पण भिंतीवर एक डिस्प्ले असतो, त्यावर आकडा असतो. भांडायला निदान आकडा तरी आहे.

आता जरा धरणगावला चला. जळगाव जिल्ह्यात, सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावरचं तालुक्याचं गाव. कापसाचा पट्टा. शाळेत बालकवी पाठ केले असतील तर आठवेल, त्यांचं जन्मगाव हेच. मात्र मे महिन्यात गेलात तर निसर्गकवितेचा मूड फार टिकणार नाही. खान्देशात तेव्हा पारा 44-45 ला सहज टेकतो आणि दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही.

या तालुक्यातल्या कुठल्याही खेड्यात शिरा, तुम्हाला घरकुलं दिसतील. 2016 पासून प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागातून सपाटीच्या प्रदेशात एका घराला 1 लाख 20 हजार रुपये मिळतात आणि घर किमान 25 चौरस मीटरचं असावं लागतं. म्हणजे 269 चौरस फूट. वाकडच्या वन बीएचकेतला हॉल आणि किचन मिळून साधारण तेवढं. विटांच्या भिंती, वर सिमेंटचा स्लॅब, काही ठिकाणी पत्रा.

त्याआधी इथे धाब्याची घरं असायची. जाड मातीच्या भिंती, लाकडी सरे आणि वर मातीचा थर. दुपारी आत गेलं की डोळ्यांना आणि अंगाला दोन्हींना बरं वाटायचं. पण ते घर गळायचं, दरवर्षी पावसाळ्याआधी धाब्यावर माती टाकावी लागायची. ‘जुनं ते सोनं’वाल्यांनी एक जुलै महिना तिथे काढून बघावा! घरकुल मिळालं याचा आनंद खराखुरा आहे आणि तो कुणी हिरावून घेऊ नये. प्रॉब्लेम वेगळाच आहे.

स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि संध्याकाळनंतर ते आत सोडायला लागतो. बाहेर वारा सुटलेला असतो, लोक ओट्यावर बसलेले असतात आणि आतली खोली मात्र तापलेल्या तव्यासारखी. छताचा पंखा तीच गरम हवा वरून खाली ढकलत राहतो. पंखा हवा थंड करत नाही, फक्त अंगावरचा घाम वाळवतो. खोलीच शरीरापेक्षा गरम झाली की त्याचा फायदाही आटत जातो. तरणी माणसं अंगणात खाट टाकून झोपतात. बाळंतीण, आजारी सासरे, दमा असलेली आजी… यांना आतच राहावं लागतं.

मग करायचं काय? रिट्रोफिट! म्हणजे बांधून झालेल्या घरात मागाहून केलेली सुधारणा. छताला पांढरा रंग, छताखाली इन्सुलेशन, पंखा बदलणं, समोरासमोर झरोके पाडणं. यातलं आधी कुठलं, हे कळायला मोजावं लागतं. आणि मोजायचं म्हटलं की सगळ्यांचा हात आपोआप विजेच्या बिलाकडे जातो. इथेच सगळी गोची आहे.

साधा हिशेब करू. 75 वॉटचा एक पंखा सोळा तास फिरला तर दिवसाला 1.2 युनिट. दोन एलईडी बल्ब, टीव्ही, मोबाइलचे चार्जर धरून फार तर 1.6. महिन्याला पन्नासच्या आसपास. फ्रिज नाही, कूलर असला तर दोन-अडीच महिन्यांपुरता. मुंबई-पुण्यात बसलेला कन्सल्टंट एक्सेल शीट उघडेल आणि म्हणेल, इथे वाचवायला आहेच काय? पन्नास युनिटांतले दहा वाचले तर छताचा खर्च कधी वसूल होणार? पुढची फाइल!

शीट बरोबर, निष्कर्ष चुकीचा. त्या घरात वीज कमी लागते, कारण तिथले लोक उकाडा सोसतात. गारवा विकत घ्यायची ऐपतच नसेल तर मीटर फिरणार तरी कसा?

हे फक्त आपल्याकडचं नाही बरं का. केंब्रिज विद्यापीठातल्या मिन्ना सुनिक्का-ब्लँक आणि रे गॅल्विन यांनी 2012 मध्ये जर्मनीतल्या सुमारे 3,400 घरांचे आकडे तपासले. कागदावरच्या गणितानुसार जेवढी ऊर्जा लागायला हवी, त्यापेक्षा लोक सरासरी 30 टक्के कमी वापरत होते. घर जितकं खराब, तितकी ही तफावत जास्त. त्यांनी याला नाव दिलं ‘प्रीबाउंड इफेक्ट’. तिथे थंडीत कुडकुडणं आणि इथे उन्हाळ्यात घामाघूम होणं, फंडा एकच.

याच सुनिक्का-ब्लँक पुढे मुंबईच्या झोपु इमारतींच्या अभ्यासात आल्या, आयआयटी मुंबईत काम केलेल्या रोनिता बर्धन आणि रमित देबनाथ यांच्यासोबत. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखांत एक मजेशीर, खरं तर वाईट वाटायला लावणारी गोष्ट दिसते. झोपडीतून पक्क्या फ्लॅटमध्ये गेलेल्या कुटुंबांकडे विजेची उपकरणं वाढली, आणि याचं कारण फक्त पैसा नव्हता. इमारती एकमेकींना खेटून, हवा नाही, उजेड नाही, दार उघडं ठेवायची सोय नाही. गल्लीत जे काम फुकट व्हायचं त्याला आता स्विच लागला. म्हणजे घर बदललं आणि बिल वाढलं. धरणगावात आज बिल वाढलेलं दिसत नाही. पण हातात चार पैसे आले की पहिला मोठा कूलर येणार आणि त्यानंतर ईएमआयवर एसी. त्याच तापलेल्या स्लॅबखाली!

म्हणून मोजायचं असेल तर युनिटच्या जोडीला खोलीचं तापमान मोजा. काडेपेटीएवढा डेटा लॉगर मिळतो, तुमच्या एखाद्या बऱ्या हेडफोनच्या किमतीत. दर पंधरा मिनिटांनी तापमान आणि आर्द्रता लिहून ठेवतो. एका वस्तीत दहा घरांत, एप्रिल ते जून. नंतर त्यातल्या पाच घरांच्या छतांना पांढरा रंग द्यायचा आणि पाच तशीच ठेवायची. (दुसऱ्या पाचांना पुढच्या वर्षी रंग द्यायचा, नाहीतर गावात शिव्या खाव्या लागतील.) पांढऱ्या छताने आत दोन ते पाच अंशांचा फरक पडतो असं सांगितलं जातं. पण खान्देशातली धूळ बघता त्या पांढऱ्याचं जूनपर्यंत काय होतं, हे तिथेच मोजून कळेल. कंपनीच्या ब्रोशरमध्ये धूळ नसते.

तिसरी मोजायची गोष्ट म्हणजे व्होल्टेज. शहरात आपण हा शब्दच विसरलोय. संध्याकाळी गावात सगळ्यांचे दिवे-पंखे एकदम लागले की व्होल्टेज पडतं आणि पंखा रांगायला लागतो, नेमका स्लॅब आग ओकत असताना. पुण्याच्या ‘प्रयास’च्या ऊर्जा गटाने यासाठी झकास काम केलंय. सॉकेटमध्ये लावायची एक पेटी मिनिटामिनिटाचं व्होल्टेज टिपते आणि मोबाइल नेटवर्कवरून पाठवते. अशा पेट्या त्यांनी देशभर शेकडो ठिकाणी लावल्या. आता समजा, धरणगावातल्या एखाद्या घरी रात्री आठला 180 व्होल्टच येतात असं दिसलं. तिथे साधा पंखा कितीही दुरुस्त केला तरी उपयोग नाही. बीएलडीसी पंखा मात्र कमी व्होल्टेजला वेग टिकवतो आणि 75 ऐवजी तीसेक वॉटमध्ये भागवतो. म्हणजे एकाच वस्तीत एका घराला आधी पंखा लागेल, शेजारच्याला आधी छत. सरसकट सगळ्यांना एकच किट वाटणं सोपं आहे हे मान्य, पण मग त्याला रिट्रोफिट कशाला म्हणायचं? दिवाळीची भेट म्हणा!

बांधतानाच विचार केला तर काय होतं, याचं उदाहरण शेजारच्या गुजरातेत आहे. राजकोटच्या ‘स्मार्ट घर 3’ या शहरी आवास योजनेच्या प्रकल्पात भारत-स्विस तज्ज्ञांनी डिझाइनच्या टप्प्यावरच हात घातला. एएसी ब्लॉकच्या भिंती, अर्धीच काच असलेल्या खिडक्या, हवा ओढून घेणारा डक्ट. नंतर घरांतलं तापमान प्रत्यक्ष मोजलंही. आपल्याकडे नियम नाहीत असंही नाही. डिसेंबर 2018 मध्ये आलेल्या ‘इको निवास संहिते’त छतातून किती उष्णता आत यावी याची मर्यादा दिली आहे. साधा स्लॅब ती मर्यादा दुपटीहून अधिक ओलांडतो. गंमत अशी की ती संहिता 500 चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांवरच्या निवासी प्रकल्पांसाठी आहे. तुमच्या टॉवरला लागू होऊ शकते, पण सुटं घरकुल कटाप!

पैशाचं म्हणाल तर 2025 मध्ये राज्य सरकारने ग्रामीण घरकुलासाठी 50 हजारांची वाढ जाहीर केली, त्यातले 15 हजार छतावरच्या सौर पॅनलसाठी. पॅनल बसलं की त्याच्याखालच्या स्लॅबला आयती सावली मिळते. ती किती अंशांची, हे एका लॉगरने कळेल. पॅनलच्या कागदावर फक्त किलोवॉट लिहिलेले असतील.

इंग्लंडमध्ये यासाठी एका पोराचा जीव जावा लागला. रॉचडेलमध्ये अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा डिसेंबर 2020 मध्ये सोशल हाउसिंगच्या फ्लॅटमधल्या बुरशीमुळे दगावला. त्याच्या नावाने ओळखला जाणारा कायदा 27 ऑक्टोबर 2025 पासून लागू झाला. घरातल्या ओलीची तक्रार आली की ठरलेल्या दिवसांत तपासणी करणं घरमालक संस्थेला बंधनकारक झालं. अशा अनेक संस्था आता घरातच तापमान-आर्द्रतेचे सेन्सर लावतात.

अर्थात, सेन्सर म्हटलं की दुसरा प्रश्न येतो. स्मार्ट मीटर साधारण अर्ध्या-अर्ध्या तासाची नोंद ठेवतो. त्यावरून घरात माणसं कधी असतात, कधी झोपतात, सगळं कळतं. स्मार्ट मीटरवरून राज्यात किती आरडाओरडा झाला ते आपण पाहिलंय, आणि त्यातली सगळीच भीती खुळी नव्हती. भिंतीवरच्या लॉगरचा आकडा आधी घरातल्या बाईला दिसला पाहिजे, मग पंचायत समितीला.

तुमच्यापैकी बरेच जण जळगाव-धुळ्याकडचे आहात, पुण्यातल्या निम्म्या आयटी कंपन्या तुम्हीच चालवता! मेमध्ये घरी जाल तेव्हा भरीत-पुरीच्या ट्रिपमध्ये एक लॉगर बॅगेत टाका. छताला किंवा उन्हाच्या भिंतीला लावू नका, खाटेच्या उंचीवर, कूलरच्या झोतापासून लांब टांगा. आणि दुपारी दोनचा आकडा बघून फोटो टाकायची घाई नको. रात्री दहाचा बघा.