काच चकाचक, डिपॉझिट सेफ!

सदाशिव पेठेतल्या जुन्या वाड्यात रूम मिळाली? अभिनंदन! आता खिडकी बघा. आधीच्या एमपीएससीवाल्यांनी उन्हासाठी चिकटवलेले पेपर, सेलोटेपचा गम, बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग. उद्या हे सगळं तुमच्या डिपॉझिटमधून वळतं होणार बरं का!

पेपर साबणाच्या कोमट पाण्याने भिजवा, दहा मिनिटांनी सोलून काढा. गमला खोबरेल चोळा, अर्ध्या तासाने साबणाने पुसा. पांढरे डाग म्हणजे क्षार. व्हिनेगर किंवा लिंबाने विरघळतात. फक्त खाली शहाबादी फरशी असेल तर जुनं फडकं अंथरा. ती चुनखडीची, आंबटाने तीही खाल्ली जाते.

एवढं करूनही काच धुरकटच? मग ती कदाचित कायमची खराब झाली असेल. घासत बसू नका. पहिल्याच दिवशी फोटो काढा आणि मालक काकूंना दाखवून ठेवा!