वैऱ्याशी सूत जुळते तेव्हा

गेल्या दिवाळीत धाकटी बहीण आली ती फराळाच्या डब्याबरोबर एक जाडजूड इंग्रजी कादंबरी घेऊन. "ताई, तुझी भाची काय वाचते ते बघ. पहिल्याच पानांवर लेखिकेने धोक्याची सूचना छापली आहे, सिगारेटच्या पाकिटावर असते तशी!" भाची 20 वर्षांची. मी कादंबऱ्या लिहिते म्हणून हे प्रकरण माझ्या टेबलावर आले. बँकेत उभी हयात गेल्यामुळे कागद वाचल्याखेरीज शेरा मारायची मला सवय नाही. ते पुस्तक ठेवून घेतले आणि भाचीकडून आणखी तीन मागवली.

या पुस्तकांवर 'न्यू अ‍ॅडल्ट' असा शिक्का असतो. 2009 साली अमेरिकेतल्या सेंट मार्टिन्स प्रेस या प्रकाशनसंस्थेने तो चलनात आणला. शाळा सुटलेली, पण संसार अजून न लागलेला, अशा वयाच्या नायक-नायिका. त्यातही चलती आहे ती आधी हाडवैर आणि मग प्रेम, अशा काळ्याकभिन्न कथांची. रिबेका यारोसच्या 'फोर्थ विंग'मध्ये (2023) नायिकेची आई सेनापती, तर नायकाचा बाप बंडखोर म्हणून देहदंड भोगलेला. तो हिच्या जिवावर उठेल अशी धास्ती असते, आणि सूत जुळते ते त्याच्याशीच. एच. डी. कार्ल्टनच्या 'हॉन्टिंग अ‍ॅडलिन'चा (2021) नायक तर नायिकेवर पाळत ठेवतो, चोरून तिच्या घरात शिरतो. स्त्रीचा असा पाठलाग आपल्या कायद्याने 2013 पासून स्वतंत्र गुन्हा आहे.

बहिणीला हे नवे खूळ वाटते. तसे ते नाही. जेन ऑस्टिनच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'ची (1813) सुरुवात अपमानानेच होते. 'जेन एअर' आणि 'वुदरिंग हाइट्स' 1847 सालच्या. बँकेत लागल्यावर आम्ही मुली लेजरच्या आडोशाने मिल्स अँड बून वाचत असू, त्यातलाही नायक निम्मे पुस्तक गुरकावतच असे. मोठ्यांचे धास्तावणेही जुनेच. चंद्रकांत काकोडकरांची 'शामा' ही कथा 1962 च्या एका दिवाळी अंकात आली आणि खटला थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. ती अश्लील नाही, हे ठरायला 1969 साल उजाडले.

मग ओढ कशाची? भाचीलाच विचारले. ती म्हणाली, "मावशी, घरी, कॉलेजात सगळे मला समजूतदारपणे वाग म्हणतात. यातली मुलगी तोंडावर भांडते, आणि तरीही तिच्यासाठी कोणीतरी वेडा होतो." या उत्तराने मी जरा वरमले. समजूतदारपणाचे धडे देणाऱ्यांत मीही होते.

लिहिणारी म्हणून मला आणखी एक गोष्ट दिसली. यातल्या बऱ्याच कादंबऱ्यांत एक प्रकरण तिच्या तोंडून, तर पुढचे त्याच्या. तो तिच्याशी तुसडेपणाने वागतो, पण पान उलटले की त्याचे मन आपल्यापुढे उघडे. तो तिच्यावर जीव टाकतो हे नायिकेच्या आधी वाचकाला कळते. शिवाय शेवट गोड होणार, हा या प्रकारातला अलिखित करार. बँकेच्या भाषेत सांगायचे तर कर्जदार कितीही बेभरवशाचा असो, लेखिका त्याला जामीन असते. म्हणून वाचणारी मुलगी भीतीची मजा घेऊ शकते. नकोसे झाले तर पुस्तक मिटायचा हक्क तिचाच.

आयुष्यात त्याच्या तोंडचे प्रकरण वाचायला मिळत नाही. आमच्या शाखेत एक टायपिस्ट होती. पगाराच्या दिवशी तिचा नवरा काउंटरपाशी येऊन उभा राही. भर उन्हाळ्यातही ती लांब बाह्यांचे ब्लाउज घाली. कोणी विचारलेच तर म्हणे, "रागीट आहेत, पण मनाने चांगले आहेत." त्या मनाचा पुरावा आम्हाला कधी दिसला नाही, तिला तरी दिसला होता की नाही कोण जाणे. तिने इंग्रजी प्रेमकथा एकही वाचली नव्हती. "लग्न झाले की सुधारेल," हे तिला घरातल्या वडीलधाऱ्यांनी सांगितले होते. रागीट पुरुष बायकोच्या मायेने बदलतो, ही कथा आपण मांडवाखाली किती पिढ्या खपवत आलो आहोत! तिला ना जामीन, ना पहिल्या पानावर सूचना.

पुस्तक मी बहिणीला परत दिले आणि भाचीच्या टेबलावर ठेवायला सांगितले. भाचीला एवढेच म्हटले की, उद्या खराखुरा कोणी असा वागला तर त्याच्या मनात काय असेल याचा शोध घेत बसू नकोस, तो वागतो कसा तेवढेच बघ, आणि रात्री-अपरात्री कधीही मला फोन कर. बहिणीकडूनही एक कबूल करून घेतले. तिच्यासाठी स्थळे पाहू लागशील तेव्हा 'सुधारेल' हा शब्द आपल्या घरात कोणी उच्चारायचा नाही.